स्वभाव जुळले म्हणजे संसार जमला?

‘दोघांचे स्वभाव जुळतील ना?’ स्थळ पाहताना हा प्रश्न हमखास निघतो. प्रेमात पडलेली मुलंमुलीही तोच मनात घोळवत असतात. त्यामागचे काही समज तपासून पाहू.

गैरसमज : सारख्या स्वभावाची जोडपी जास्त सुखी असतात.

वस्तुस्थिती : ऑस्ट्रेलिया, ब्रिटन आणि जर्मनीतल्या २३ हजारांहून अधिक विवाहित स्त्री-पुरुषांचा अभ्यास २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. नात्यात कुणी जास्त समाधानी असतं, कुणी कमी. या फरकातला सुमारे ६ टक्के भाग स्वतःच्या स्वभावातून आलेला दिसला, तर १ ते ३ टक्के जोडीदाराच्या स्वभावातून. दोघांमधल्या साम्याचा वाटा अर्ध्या टक्क्याहूनही कमी निघाला.

गैरसमज : विरुद्ध स्वभावाची माणसंच एकमेकांकडे ओढली जातात.

वस्तुस्थिती : कोलोरॅडो विद्यापीठातल्या संशोधकांनी २०२३ मध्ये १९९ अभ्यास एकत्र तपासले. शिक्षण, धार्मिक आणि राजकीय मतं यांत जोडीदार बरेच सारखे होते. स्वभावातलं साम्य मात्र जेमतेम होतं. विरुद्ध टोकांच्या ओढीला फारसा आधार मिळाला नाही.

गैरसमज : म्हणजे स्वभाव कसाही असला तरी चालतो.

वस्तुस्थिती : अजिबात नाही. मनाने स्थिर, समजूतदार आणि जबाबदारीने वागणारी माणसं नात्यात अधिक समाधानी असतात, त्यांचे जोडीदारही. दोघंही तापट असतील तर स्वभाव जुळले खरे, पण घरात शांतता कुठून येणार?

गैरसमज : योग्य माणूस मिळाला की पुढचं आपोआप होतं.

वस्तुस्थिती : २०२० मध्ये ११,१९६ जोडप्यांची माहिती एकत्र करून पाहिली गेली. समाधानाचा सर्वांत चांगला अंदाज देणाऱ्या गोष्टी होत्या : जोडीदार आपली साथ सोडणार नाही ही खात्री, एकमेकांची कदर आणि शारीरिक सुख, म्हणजे नात्यात घडत जाणाऱ्या गोष्टी.

एखादं जोडपं डोळ्यांसमोर आणा : तिला माणसांचा गोतावळा प्रिय, त्याला कोपऱ्यातली खुर्ची. बारशाहून परतताना ती म्हणते, ‘माझ्यासाठी दोन तास थांबलास, बरं वाटलं.’ पुढच्या वेळी तो निघायची घाई करत नाही, आणि तो दमलेला दिसला की ती स्वतःच चपला शोधू लागते. स्वभाव दोघांचेही होते तसेच आहेत.

म्हणून कांदेपोह्यांच्या वेळी आवडीनिवडी जरूर विचारा. पण राग आला की समोरचं माणूस कसं वागतं, हेही जाणून घ्या. आणि हाच प्रश्न आधी स्वतःला विचारा.