शिडाच्या नौकेतून पृथ्वीप्रदक्षिणा

आपल्या वाशीम जिल्ह्याला समुद्र नाही. पण आपले पाणी समुद्राला जाते. रिसोडच्या शिवारात पडलेला पावसाचा थेंब ओढ्यातून पैनगंगेत जातो. पैनगंगा वर्धेला मिळते. वर्धा आणि वैनगंगा एक झाल्या की त्यांना प्राणहिता म्हणतात. प्राणहिता गोदावरीत जाते आणि गोदावरी समुद्राला.

थेंब जातो, पण आपण जात नाही. म्हणून समुद्राची गोष्ट आपल्याला नवी वाटते. आज आपण अशीच एक गोष्ट वाचणार आहोत. ती एका मराठी सैनिकाची आहे. त्याने एकट्याने, शिडाच्या नौकेतून, साऱ्या पृथ्वीला फेरी घातली.

टीव्हीवरचा शूर गडी

आपल्यापैकी पुष्कळांनी टीव्हीवर बेअर ग्रिल्स नावाचा गोरा गडी पाहिला असेल. तो रानात राहतो, किडे खातो, कड्यावरून उतरतो. २०१९ साली आपले पंतप्रधान त्याच्याबरोबर उत्तराखंडातल्या जिम कॉर्बेटच्या जंगलात गेले होते. तो कार्यक्रम गावोगाव पाहिला गेला.

हा ग्रिल्स आधी सैनिक होता. ब्रिटनच्या एका खास पथकाच्या राखीव तुकडीत तो होता. १९९६ साली विमानातून उडी मारताना त्याचे पॅराशूट, म्हणजे हवाई छत्री, फाटली. पाठीची हाडे मोडली. तो बरा झाला आणि १९९८ साली एव्हरेस्ट शिखर चढला. माणूस धीराचा, यात शंका नाही.

पण एक ध्यानात घ्या. टीव्हीवर तो एकटा दिसतो, तरी त्याचे चित्र कोणीतरी घेत असते. ती माणसे त्याच्या सोबत असतात. पुढे काय आहे हे आधी जाऊन पाहिलेले असते. आपल्याला दिसते ती फक्त उडी. उडीच्या मागची तयारी दिसत नाही.

म्हणून आता अशा माणसाची गोष्ट ऐका, की ज्याच्या मागे कॅमेरावाला नव्हता आणि पुढे वाटाड्या नव्हता.

चाळिशीच्या उंबरठ्यावर नवा धडा

दिलीप दोंदे हे भारतीय नौदलात अधिकारी होते. नौदल म्हणजे समुद्रावरचे सैन्य. त्यांचे काम पाणबुड्याचे. शत्रूने पाण्याखाली पेरलेले सुरुंग शोधायचे आणि निकामी करायचे, हे अशा पाणबुड्यांचे काम. त्यात घाई चालत नाही. हात थरथरला की संपले.

नौदलातले एक मोठे सेनानी होते, मनोहर आवटी. १९७१ च्या युद्धात ते लढले होते. निवृत्त झाल्यावर ते सातारा जिल्ह्यात फलटणजवळ विंचुर्णी गावी राहत. त्यांच्या मनात एक गोष्ट फार वर्षे होती. भारतात बांधलेल्या शिडाच्या नौकेतून एका भारतीयाने एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करावी. तोवर एकाही भारतीयाने ती केलेली नव्हती.

२००६ साली नौदलात विचारणा झाली. कोण जाईल? दोंदे म्हणाले, मी जातो.

तेव्हा त्यांचे वय चाळिशीला आले होते. अशी सफर कशी करतात हे शिकवणारा आपल्या देशात कोणी नव्हता. मग ते इंग्लंडात रॉबिन नॉक्स-जॉन्स्टन यांच्याकडे गेले. कोठेही न थांबता एकट्याने पृथ्वीला फेरी घालणारा हा जगातला पहिला माणूस. १९६८-६९ साली ३१२ दिवसांत त्याने ती फेरी पुरी केली. गंमत पाहा, त्याची 'सुहैली' नावाची नौका आपल्या मुंबईत बांधलेली होती आणि ती सागवानाची होती!

दोंदे या गुरूच्या हाताखाली राबले. नौका कशी सजवायची, दोर कसे बांधायचे, मोडले ते कसे सांधायचे, हे त्यांनी पाहिले आणि केले. आपण ज्या वयात म्हणतो, "आता काय शिकाचं राह्यलं?" त्या वयात त्यांनी पहिला धडा गिरवला.

म्हादेई बांधली

माणूस तयार होऊ लागला. पण नौका कोठे होती? अशी नौका आपल्याकडे कोणी बांधलेली नव्हती. गोव्यात मांडवी नदीत दिवाडी नावाचे बेट आहे. तेथे रत्नाकर दांडेकर यांचा नौका बांधण्याचा कारखाना. त्यांनीही एवढे मोठे काम पूर्वी केले नव्हते. तरी त्यांनी ते अंगावर घेतले. नकाशा हॉलंड देशातला, हात गोव्याच्या कारागिरांचे.

नौकेची लांबी ५६ फूट. लाकडाच्या पट्ट्या जोडून अंग बनवले. त्यावर फायबरचे, म्हणजे काचेच्या धाग्यांचे, थर चढवले. बांधकाम चालू असताना दोंदे स्वतः तेथे असत. का? समुद्रात काही मोडले तर सुतार कोठून आणणार? कोणता खिळा कोठे आहे हे माहीत असलेले बरे. नवे घर बांधताना जो मालक गवंड्याजवळ उभा राहतो, त्यालाच पुढे गळती कोठे असेल ते कळते.

मांडवी नदीला वरच्या अंगाला म्हादेई म्हणतात. तेच नाव नौकेला दिले. २००९ च्या फेब्रुवारीत म्हादेई नौदलात दाखल झाली.

वारा समोरून आला तर?

येथे कोणी विचारील, "इंजिनाबिगर नौका चालते कशी?"

वाऱ्यावर चालते. नौकेच्या मधोमध एक उंच खांब असतो. त्याला डोलकाठी म्हणतात. डोलकाठीला मोठे कापड ताणून बांधतात. ते शीड. नौका वळवण्यासाठी मागे पाण्यात फळी असते. ते सुकाणू. आणि नौका एका जागी धरून ठेवायला लोखंडी आकडा टाकतात. त्याला नांगर म्हणतात. आपला नांगर माती फोडतो, नौकेचा नांगर माती धरून बसतो.

वारा मागून असला तर काम सोपे. खळ्यावर उफणताना भुसा वाऱ्याच्या दिशेने जातो, तशी नौका जाते. पण वारा समोरून आला तर? तेव्हा शीड तिरपे धरतात आणि नौका तिरपी चालवतात. थोडे डावीकडे जायचे, मग वळून थोडे उजवीकडे. घाट चढताना रस्ता नागमोडी असतो ना? तसेच हे. वाट लांबते, पण माणूस पोचतो.

"अन् नौका उलटली तं?" नौकेच्या पोटाखाली पाण्यात एक जड पाते असते. त्यात भरपूर वजन असते. बुडाशी वजन असलेली बाहुली आडवी पाडली तरी उठून बसते. तशी ही नौका लाटेने आडवी झाली तरी पुन्हा सरळ होऊ पाहते.

निघाले

१९ ऑगस्ट २००९ रोजी दोंदे मुंबईहून निघाले. खऱ्या पृथ्वीप्रदक्षिणेचे नियम कडक असतात. विषुववृत्त, म्हणजे पृथ्वीच्या कमरेची रेघ, दोनदा ओलांडावी लागते. अंतर २१,६०० सागरी मैलांहून कमी चालत नाही. ते सुमारे ४०,००० किलोमीटर होते. वाशीमहून मुंबई साठ-सत्तर वेळा गाठण्याइतके. समुद्रात दुसऱ्या कोणाचा हात लागता कामा नये.

ते दक्षिणेला गेले, मग पूर्वेला वळले. वाटेत चार ठिकाणी थांबले. ऑस्ट्रेलियात फ्रीमँटल, न्यूझीलंडमध्ये लिटलटन, फॉकलंड बेटांवर पोर्ट स्टॅन्ली आणि आफ्रिकेत केपटाऊन. तेथे डागडुजी करायची, शिधा भरायचा आणि पुन्हा निघायचे.

इतके दक्षिणेला का जायचे? कारण तिकडे पश्चिमेकडून पूर्वेकडे जोराचा वारा सतत वाहतो. नौकेला तो मागून ढकलतो. पण तेच वारे घातही करतात. एकबुर्जीच्या धरणात लाट उठली तर ती काठावर आपटते आणि मोडते. दक्षिणेच्या महासागरात काठच नाही! पृथ्वीभोवती पाणीच पाणी. लाट वाढत जाते, वाढत जाते. दुमजली-तिमजली घराएवढी होते. थंडीही मोठी, कारण खाली बर्फाचा खंड आहे.

दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्न नावाची जागा आहे. तेथे आजवर कितीतरी जहाजे फुटली, कितीतरी खलाशी बुडाले. जानेवारी २०१० मध्ये म्हादेई त्या टोकाला वळसा घालून पुढे गेली.

झोपायचे कधी?

एकटा माणूस. रात्रही समुद्रावर आणि दिवसही समुद्रावर. मग झोपायचे कधी?

एकटा खलाशी आपल्यासारखा रातभर झोपत नाही. सुकाणू सांभाळायला यंत्र असते. ते चालू असले की तो थोडा वेळ डोळा मिटतो. उठून चारी बाजू पाहतो, दोर पाहतो, वारा पाहतो. मग पुन्हा थोडी झोप. शेतात जागलीला बसणाऱ्या माणसाला हे समजेल.

स्वयंपाक स्वतः करायचा. पिण्याचे पाणी जपून वापरायचे, कारण समुद्राचे पाणी खारट. फाटलेले शीड स्वतः शिवायचे. दुखले-खुपले तर औषध स्वतः घ्यायचे. म्हणजे एकाच माणसाने खलाशी, सुतार, शिंपी, आचारी आणि वैद्य व्हायचे.

१९ मे २०१० रोजी दोंदे मुंबईला परत पोचले. नऊ महिने झाले होते. त्यांतले १५७ दिवस त्यांनी समुद्रावर काढले. एकट्याने पृथ्वीप्रदक्षिणा करणारे ते पहिले भारतीय ठरले. सरकारने त्यांना शौर्यचक्र दिले.

दिव्याने दिवा लागला

दोंदे शिकले आणि त्यांनी शिकवले. त्यांचे सोबती अभिलाष टोमी २०१२ साली त्याच म्हादेईतून निघाले आणि २०१३ साली कोठेही न थांबता फेरी पुरी करून आले. मग नौदलातल्या सहा मुली तयार झाल्या. त्यांनाही दोंदे यांनी धडे दिले. १० सप्टेंबर २०१७ रोजी त्या 'तारिणी' नौकेतून गोव्याहून निघाल्या आणि २१ मे २०१८ रोजी परतल्या. तारिणीही दांडेकरांच्याच कारखान्यात बांधलेली. २०२४-२५ साली त्याच तारिणीतून दोघीच जणी, दिलना आणि रूपा, पृथ्वीला फेरी घालून आल्या.

सगळेच सुखरूप झाले असे नाही. २०१८ साली टोमी दुसऱ्या एका शर्यतीत होते. वादळात डोलकाठ्या मोडल्या. त्यांच्या पाठीला जबर मार बसला. जागचे हलता येईना. तीन दिवसांनी एका फ्रेंच नौकेने त्यांना वाचवले. कशामुळे? मदत मागण्याची यंत्रे जवळ होती आणि ती कशी वापरायची हे माहीत होते. टोमी बरे झाले आणि पुढे तीच शर्यत त्यांनी पुरी केली. २०२३ साली त्यांचा दुसरा नंबर आला.

साहस आणि अविचार

आता आपल्या गावाकडे येऊ. पावसाळ्यात नाल्याला पूर येतो. पुलावरून पाणी वाहू लागते. काठावर चारजण उभे असतात. कोणीतरी म्हणतो, "काय भेतं बे? घाल गाडी!" आणि गडी ट्रॅक्टर नाहीतर मोटारसायकल पाण्यात घालतो. दरवर्षी अशी माणसे वाहून जातात. घरी म्हातारी आई असते, लहान लेकरे असतात.

याला साहस म्हणायचे का? नाही. हा अविचार आहे.

दोंदे यांनी निघण्याआधी तीन वर्षे तयारी केली. पुरात गाडी घालणारा तीन मिनिटेही विचार करीत नाही. खलाशी वाऱ्याचा अंदाज घेतो. वादळ असले तर शीड उतरवतो. शीड उतरवणे म्हणजे भिणे नव्हे. पाण्याखालचा रस्ता राहिला की खचला हे दिसत नाही, तेव्हा काठावर थांबणे म्हणजेही भिणे नव्हे. पूर आज ना उद्या ओसरतो.

आणि आणखी एक. ज्याला शिकायचे आहे त्याला वय आडवे येत नाही. दोंदे चाळिशीला आले होते. दांडेकरांनी न केलेले काम हाती घेतले. तुम्हीही आज ही गोष्ट स्वतः वाचलीत. अक्षरांचा समुद्र मोठा आहे, पण नौका काठावरून सुटली आहे. ती आता चालू ठेवा.

वाचून सांगा

१. पैनगंगेचे पाणी कोणकोणत्या नद्यांतून समुद्राला जाते?
२. वारा समोरून आला तर शिडाची नौका कशी चालवतात?
३. म्हादेई बांधली जात असताना दोंदे तेथे का थांबत?
४. दक्षिणेच्या महासागरात लाटा मोठ्या का होतात?
५. तुमच्या गावात कोणत्या पुलावरून पुराचे पाणी जाते? पूर आल्यावर तेथे लोकांना थांबवण्यासाठी काय करता येईल? चारचौघांत बोला.