स्वस्तातली सेकंड हँड ग्रँड टूरर: घेण्याआधी मोबाईलवर काय तपासाल?

जुनी जॅग्वार किंवा पोर्शे नव्या क्रेटाच्या भावात दिसली की मलाही मोह होतो. ग्रँड टूरर म्हणजे लांबच्या प्रवासासाठी बनवलेली वेगवान, आरामदायी गाडी. नागपूरहून समृद्धी महामार्गावर काढायला अगदी मस्त! पण गाडी जुनी झाली म्हणून तिचे पार्ट्स स्वस्त होत नाहीत. खरी गोम इथेच आहे.

दिल्ली परिसरात 10 वर्षांवरच्या डिझेल गाड्यांवरची बंदी 2018 मध्ये सुप्रीम कोर्टाने कायम ठेवली, त्यामुळे तिथल्या जुन्या गाड्यांचे भाव पडले. मात्र ती गाडी कळमन्यात आणून एमएच-49 नंबर घ्यायचा, तर आधी एनओसी लागते आणि इथला रोड टॅक्सही भरावा लागतो.

मग तपासायचं काय?

1. एमपरिवहन ॲपवर नोंदणीची तारीख, इन्शुरन्स आणि कर्जाचा बोजा बघा.
2. ब्लूटूथ ओबीडी स्कॅनर लावून मोबाईलवर एरर कोड वाचा. कोड एकही नाही, पण 'रेडीनेस' टेस्ट अपूर्ण दिसतात? मग कोड नुकतेच पुसलेले असू शकतात.
3. एअर सस्पेन्शन असेल तर गाडी रात्रभर उभी ठेवायला सांगा. सकाळी एक बाजू खाली बसली, तर हवा गळतेय.

दुरुस्तीचे पैसे वेगळे काढून ठेवता येत नसतील, तर माझं मत स्पष्ट आहे: फोटो सेव्ह करा, गाडी सोडा.