दात दुखायच्या आधी

हाताला खरचटले तर दोन दिवसांत खपली धरते आणि जखम भरून येते. हाड मोडले तर तेही काही आठवड्यांत सांधते. मग दाताला पडलेले भोक आपोआप का बरे बुजत नाही? शरीर आपली डागडुजी आपणच करते, असे आपण शिकतो. दात मात्र या नियमाला अपवाद आहे. हा अपवाद नीट समजला, की दंतवैद्याकडच्या निरनिराळ्या उपचारांचे मर्म सहज ध्यानात येते.

किडा कोठे आहे?

धान्याला कीड लागते, लाकूड किडते, तसाच दातही 'किडतो' असे आपण म्हणतो. दाताला खरोखरीच एखादा किडा पोखरतो, अशी समजूत अनेक देशांत होती. रिंगणीच्या बियांची धुरी घेतली म्हणजे दातांतले किडे गळून पडतात, असे आपल्याकडेही सांगत. फ्रान्समधील प्येर फोशार या दंतवैद्याने किडलेले दात सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. त्याला त्यांत एकही किडा आढळला नाही. १७२८ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात त्याने ही समजूत खोडून काढली.

मग दात पोखरतो कोण? बर्लिनमध्ये काम करणाऱ्या विलोबी मिलर या अमेरिकन शास्त्रज्ञाने १८९० साली याचे उत्तर मांडले. तोंडातील सूक्ष्म जंतू साखर व पिष्टमय पदार्थांपासून आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दातातील खनिज विरघळवते.

याची कल्पना यावी म्हणून एक सोपा प्रयोग करून पाहा. कोंबडीचे स्वच्छ केलेले एक बारीक हाड आठवडाभर व्हिनेगरमध्ये बुडवून ठेवा. मधून मधून व्हिनेगर बदला. नंतर हाड वाकवून पाहिले तर ते रबरासारखे वाकते. त्याला कठीणपणा देणारे कॅल्शियमचे क्षार आम्लात विरघळून गेले! दाताचे खनिज याच जातीचे असते.

आपण गोड खाल्ले, की दातांवरच्या जंतूंच्या चिकट थरात काही मिनिटांतच आम्ल वाढते. तेथील पीएच साधारण ५.५ च्या खाली गेला, की खनिज विरघळू लागते. लाळ हे आम्ल हळूहळू निष्प्रभ करते, पण त्याला अर्धा-एक तास लागतो. म्हणूनच साखर किती खाल्ली याइतकेच ती किती वेळा खाल्ली यालाही महत्त्व आहे. जेवणाबरोबर खाल्लेल्या लाडवापेक्षा दिवसभर थोड्या थोड्या वेळाने चघळलेल्या गोळ्या दातांना अधिक घातक ठरतात.

निर्जीव चिलखत

दाताचे सर्वांत बाहेरचे कवच म्हणजे दंतवल्क, अर्थात एनॅमल. वजनाने सुमारे ९६ टक्के खनिज असलेला हा शरीरातील सर्वांत कठीण पदार्थ होय. पण त्यात जिवंत पेशी नसतात. दंतवल्क घडवणाऱ्या पेशी दात हिरडीबाहेर येतानाच नाहीशा होतात. घर बांधून झाल्यावर गवंडी कायमचा गाव सोडून जावा, तसेच हे झाले! मागाहून भिंत ढासळली तर ती बांधणार कोण?

दंतवल्कात मज्जातंतूही नसतात. त्यामुळे कीड तेथे असेतो काहीच दुखत नाही. त्याखाली असतो तो थोडा मऊ थर म्हणजे डेंटीन. कीड येथे पोहोचली, की ती वेगाने पसरते आणि गार पाणी व गोड पदार्थ झोंबू लागतात. सर्वांत आत असतो दाताचा जिवंत गाभा, म्हणजे पल्प. त्यात रक्तवाहिन्या व मज्जातंतू असतात. गाभ्याला सूज आली, की चहूबाजूंच्या कठीण भिंतींमुळे तिला पसरायला जागा मिळत नाही. रात्रीची झोप उडवणारी दाढदुखी ती हीच.

कधी कधी ही दाढ काही दिवसांनी अचानक दुखायची थांबते. घरचे लोक म्हणतात, "लवंगेच्या तेलाने गुण आला." प्रत्यक्षात गाभा मेलेला असू शकतो. जंतू मुळाच्या टोकातून जबड्यापर्यंत पोहोचतात आणि पुढे तेथे गळू होते. म्हणून दुखणे थांबले म्हणजे दात बरा झाला, असे समजू नये.

जितकी कीड खोल, तितका उपचार मोठा

पहिल्या पायरीवर दातावर नुसता खडूसारखा पांढरा डाग दिसतो. भोक अद्याप पडलेले नसते. या एकाच टप्प्यावर गेलेले खनिज परत मिळू शकते. लाळेतील कॅल्शियम व फॉस्फेट तेथे पुन्हा बसतात आणि फ्लोराइड असेल तर हे काम अधिक चांगले होते. शिवाय फ्लोराइडयुक्त खनिज आम्लाला अधिक दाद देत नाही. म्हणून टूथपेस्टमध्ये फ्लोराइड घालतात आणि दंतवैद्य दातांवर त्याचा लेप लावतात. अमेरिकेतील ग्रँड रॅपिड्स शहराने तर १९४५ साली पिण्याच्या पाण्यातच मोजके फ्लोराइड मिसळण्यास सुरुवात केली. पण अति तेथे माती! यवतमाळ व चंद्रपूर जिल्ह्यांतील काही गावांच्या भूजलात मुळातच फ्लोराइड जास्त आहे. असे पाणी लहानपणापासून प्यायल्याने दातांवर डाग पडतात आणि पुढे हाडेही बिघडतात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्यात लिटरला १.५ मिलिग्रॅमपेक्षा अधिक फ्लोराइड कोणत्याही परिस्थितीत चालत नाही.

दुसरा उपाय खाचा बुजवण्याचा. दाढेच्या माथ्यावरील अरुंद खाचांत ब्रशचा केसही शिरत नाही. रंग धातूला पक्का धरावा म्हणून कारखान्यात धातूवर आधी फॉस्फोरिक आम्ल लावत. मायकेल ब्युओनोकोर या अमेरिकन संशोधकाने १९५५ साली हीच युक्ती दातावर करून पाहिली. आम्लाने दंतवल्क सूक्ष्म प्रमाणात खडबडीत होते आणि त्यावर रेझीन घट्ट चिकटते. निरोगी दाढेच्या खाचा अशा रीतीने भरल्या, म्हणजे जंतूंना तेथे थाराच मिळत नाही. त्यासाठी दात कोरावाही लागत नाही.

भोक पडल्यावर मात्र किडलेला भाग कोरून दात भरावा लागतो. पूर्वी 'चांदी' भरत. ती नुसती चांदी नसे. पारा आणि चांदी, कथील, तांबे यांचे ते मिश्रण होते व त्यात पारा जवळजवळ निम्मा असे. २०१३ च्या मिनामाता करारानंतर पाऱ्याचा हा वापर जगभर कमी करत आणला जात आहे. आता दाताच्या रंगाचे रेझीन भरून ते निळ्या प्रकाशाने कठीण करतात. काच-सिमेंटचाही उपयोग होतो. ते दाताला स्वतःच चिकटते आणि त्यातून थोडे थोडे फ्लोराइड पाझरते. १९८० च्या दशकात टांझानियात अशी पद्धत विकसित झाली, की हातातल्या साध्या हत्यारांनी, विजेच्या यंत्राशिवाय कीड काढायची आणि हे सिमेंट भरायचे. जेथे वीज पोहोचत नाही अशा वस्त्यांत ती फार उपयोगी पडली.

कीड गाभ्यापर्यंत गेली तर रूट कॅनाल करावे लागते. दाढ बधिर करून बिघडलेला गाभा काढतात, मुळांतील नळ्या बारीक कानशींनी साफ करून जंतुरहित करतात आणि त्यात गटापर्चा भरतात. हा आग्नेय आशियातील झाडांचा चीक होय. १८५१ साली इंग्लिश खाडीखालून टाकलेल्या तारायंत्राच्या केबलवर याचेच वेष्टन होते! शेवटी पोकळ झालेली दाढ तुटू नये म्हणून तिच्यावर टोपी बसवतात.

हेही शक्य नसेल तर दात काढावा लागतो. त्या जागी कवळी किंवा शेजारच्या दातांच्या आधाराचा पूल बसवतात. स्वीडनच्या ब्रॉनेमार्क यांना टायटॅनियम हाडाशी एकजीव होते असे आढळले. १९६५ पासून मनुष्याच्या जबड्यात टायटॅनियमचे मूळ रोवून त्यावर दात बसवता येऊ लागला. पण नैसर्गिक दाताची सर याला नाही, आणि खर्चही फार.

आता आरशापुढे उभे राहून आ करा. खालच्या जबड्यात मधल्या रेषेपासून मागे सहावा दात मोजा. तुमची ही पक्की दाढ सहाव्या-सातव्या वर्षी उगवली. पुष्कळ घरांत तिला दुधाची दाढ समजतात आणि पडेल म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष करतात. ती पडायची नसते. तिच्या जागी दुसरी दाढ येणार नाही. तुम्हांला ती आणखी साठ वर्षे वापरायची आहे. तिच्या खाचेत काळसर रेघ किंवा कडेला पांढरा डाग दिसला, तर ती दुखण्याची वाट न पाहता दंतवैद्याला दाखवा. दुखू लागली, की पहिल्या दोन पायऱ्या केव्हाच मागे पडलेल्या असतात.