गल्ला दुकानाचा, खर्च घराचा

ठाणे, मुंब्रा, कल्याण, डोंबिवली या पट्ट्यातील आपल्या व्यापारी व कारागीर बंधूंशी बोलताना एक तक्रार हमखास ऐकू येते. धंदा होतो, माल खपतो, पण हातात काही उरत नाही. दोष महागाईला दिला जातो, आणि महागाई आहेच. घरभाडे अकरा महिन्यांचा करार संपला की वाढते. शाळेची फी, औषधे, तेल, डाळ यांपैकी काहीच जागेवर नाही. परंतु नोकरदाराच्या घरातही हीच महागाई असते. पगार तुटपुंजा असला तरी महिन्याला किती कमी पडते, हे त्याला रुपयांत सांगता येते. आपल्याला ते सांगता येत नाही. कारण आपल्यापैकी बहुतेकांच्या दुकानाचा गल्ला आणि घराचा बटवा एकच असतो.

समजा, कल्याणला दूधनाक्याजवळ तयार कपड्यांचे एक लहान दुकान आहे. दिवसाची विक्री ६,००० रुपये. त्यातले ४,५०० मालाचे, म्हणजे घाऊक व्यापाऱ्याचे. भाडे, वीज आणि पोऱ्याचा पगार मिळून रोजचे ७००. मालकाचे उरले ८००. महिन्याचे २६ दिवस धरले तर त्याची खरी कमाई २०,८०० रुपये झाली. आता घरून फोन येतो, गॅस संपला, क्लासची फी भरायची आहे, आणि गल्ल्यातून दोन हजार निघतात. गल्ला भरलेला दिसतो म्हणून कोणाला काही जाणवत नाही. अशा रीतीने घरात महिन्याला २८,००० जात असतील, तर ७,२०० रुपये भांडवलातून खाल्ले जात आहेत. वर्षाला ही रक्कम ८६,४०० होते. मग ईदचा माल उधारीवर घ्यावा लागतो, उधारीचा भाव चढा असतो, आणि आपण म्हणतो की धंद्यात बरकत राहिली नाही.

यावर आम्हाला एकच उपाय दिसतो. दुकानदाराने स्वतःला पगार लावून घ्यावा. ठरलेल्या तारखेला ठरलेली रक्कम घरात द्यावी आणि पुढच्या तारखेपर्यंत गल्ल्याला घरासाठी हात लावू नये. ही रक्कम ईदच्या महिन्याची विक्री पाहून ठरवू नये. पावसाळ्यातल्या मंदीचे दोन महिने डोळ्यांसमोर ठेवून ठरवावी. हल्ली गल्ल्याइतकेच पैसे मोबाईलवर येतात. तेव्हा दुकानातला क्यूआर कोड दुकानाच्याच खात्याला जोडलेला असावा आणि घराचे खाते निराळे असावे. मुंब्रा-कौसा भागात घरातच शिलाई मशीन चालवणारे अनेक आहेत. त्यांनी विजेच्या बिलातला मशीनचा वाटा धंद्याच्या वहीत लिहावा. तो न लिहिल्यामुळे मजुरी ठरवताना कारागीर स्वतःच कमी दर सांगून बसतो, हे आम्ही पुष्कळदा पाहिले आहे.

आपल्या लोकांची आणखी एक अडचण आहे, ती बचतीच्या सर्वसाधारण पुस्तकांत सापडत नाही. आपण दोन कॅलेंडरांवर जगतो. शाळेची फी, वह्या-पुस्तके, गणवेश यांचा खर्च जूनमध्ये ठरलेला. ईदचा हंगाम मात्र दरवर्षी सुमारे ११ दिवस आधी येतो. २०१६ साली रमजान ईद ७ जुलैला होती, २०२५ साली ती ३१ मार्चला आली. म्हणजे पूर्वी हंगामाचा पैसा आणि शाळेचा खर्च जवळजवळ एकदमच येत. आता पैसा आधी येतो आणि जूनपर्यंत तो सांभाळावा लागतो. हे अंतर वर्षागणिक वाढतच जाणार आहे. म्हणून जूनची फी ईदच्या दुसऱ्याच आठवड्यात बाजूला काढून ठेवावी. ती खिशात राहिली तर पाहुणचारात आणि लग्नाच्या अहेरात जाते.

बाजूला काढलेला पैसा ठेवायचा कुठे? येथे आपल्या भागाने मोठी किंमत मोजली आहे. डोंबिवली, ठाणे येथील कित्येक कुटुंबांनी गुडविन ज्वेलर्सच्या मासिक सुवर्ण योजनांत आणि ठेवींत पैसे गुंतवले होते. ऑक्टोबर २०१९ मध्ये, दिवाळीच्या तोंडावर, दुकानांना कुलपे लागली. डिसेंबरमध्ये मालक असलेल्या दोघा भावांना अटक झाली, पण लेकीच्या लग्नासाठी जमवलेले सोने त्यामुळे घरी आले नाही. त्याच वर्षी जूनमध्ये बंगळुरूची आयएमए कंपनी कोसळली. तिने तर व्याज नव्हे, ‘हलाल नफा’ देतो असे सांगून हजारो मुस्लिम कुटुंबांचे पैसे घेतले होते. नाव हलाल असले म्हणून हिशेब स्वच्छ असतोच असे नाही.

बँकेत ठेवलेल्या पैशाला ४ फेब्रुवारी २०२० पासून दर ठेवीदारामागे, दर बँकेत ५ लाखांपर्यंत विम्याचे संरक्षण आहे. त्याआधी ही मर्यादा १ लाख होती. चालू खात्यालाही हे संरक्षण लागू आहे, त्यामुळे व्याज नको असणाऱ्याचीही सोय होते. सहकारी बँका यात येतात, पतपेढ्या येत नाहीत. हा फरक पुष्कळांना ठाऊक नाही. भिशीबद्दल आमचे मत असे की, ती माणसे ओळखून आणि बुडाली तरी घर चालेल इतक्याच रकमेची लावावी.

मोठ्या उद्दिष्टासाठी निराळे खाते उघडावे आणि त्यावर त्याचेच नाव लिहावे. मलेशियात उंगकू अझीझ या अर्थतज्ज्ञाने १९५९ साली पाहिले की, खेड्यातले लोक हजसाठी पैसे घरात लपवून ठेवतात किंवा जमीन-जनावरे विकतात. त्याच्या सूचनेवरून १९६३ मध्ये हजसाठी बचतीची संस्था निघाली. तीच आजची ताबुंग हाजी. आपल्याकडे तशी संस्था नाही, २०१८ पासून हज अनुदानही बंद झाले आहे. परंतु महिन्याला ३,००० याप्रमाणे दहा वर्षांत ३,६०,००० होतात, हे गणित कोणालाही करता येते. खर्च तोवर वाढेल, म्हणून दर ईदला त्यात थोडी भर घालावी.

हिशेबाचा वार्षिक दिवस आपल्याकडे आयताच आहे, तो जकातीचा. त्या दिवशी दुकानातला माल, रोकड, सोने-चांदी आणि येणे मोजायचे, देणे वजा करायचे आणि अडीच टक्के काढायचे. पुष्कळजण अंदाजाने रक्कम देऊन मोकळे होतात. माल खरोखर मोजला आणि आकडा गेल्या वर्षीच्या आकड्याशेजारी लिहिला, तर घर भांडवल खात आहे की नाही ते तिथेच कळते. उधारीची जुनी वहीही याच दिवशी उघडावी आणि येणाऱ्या व बुडालेल्या रकमा वेगवेगळ्या पानांवर उतरवून घ्याव्यात.