वसंतातील बर्फ आणि हिमस्खलन : गैरसमज आणि वस्तुस्थिती

हिमस्खलन होण्यासाठी तीन गोष्टी जुळून याव्या लागतात: पुरेसा तीव्र उतार, एकमेकांना धड न धरलेले बर्फाचे थर आणि त्यांचा तोल बिघडवणारे निमित्त. नवा बर्फ, वारा, पाऊस, ऊन किंवा माणसाचे वजन यांपैकी काहीही निमित्त ठरते. हिवाळ्यात थरांमधली कमजोरी कित्येक आठवडे टिकून राहते. वसंतात मात्र पहाटे टणक असलेला उतार दुपारी घसरू शकतो. औराद, भालकी, उदगीर या भागातून हिमालयात जाणारे यात्रेकरू, पर्यटक आणि ट्रेकर बहुतेक एप्रिल ते जूनमध्येच जातात. बिदरच्या पठारावर गारपिटीपलीकडे बर्फाशी गाठ पडत नाही, त्यामुळे बर्फाविषयीच्या ऐकीव समजुती तपासून घेणे गरजेचे आहे.

गैरसमज : हिमस्खलन हिवाळ्यातच होते.
वस्तुस्थिती : 4 एप्रिल 2023 रोजी सिक्कीममध्ये गंगटोक ते नथू ला रस्त्यावर हिमस्खलन होऊन 7 पर्यटक मृत्युमुखी पडले. त्याच वर्षी मे महिन्याच्या सुरुवातीला केदारनाथच्या पायवाटेवर भैरव आणि कुबेर या गदेऱ्यांपाशी (डोंगरी ओढ्यांपाशी) बर्फ कोसळून वाट बंद झाली होती. ऊन वाढले की वरचा बर्फ वितळतो आणि पाणी खाली झिरपते. बर्फाच्या कणांना जोडून ठेवणारे सांधे त्या पाण्याने विरघळतात. पाणी एखाद्या घट्ट पापुद्र्यावर अडून साचले, तर त्यावरचा अख्खा थर सुटतो. कमजोर थरापर्यंत पाणी पहिल्यांदा पोहोचते तो काळ सर्वांत जोखमीचा असतो. उत्तरेकडे तोंड असलेल्या उतारांवर तो उशिरा येतो. म्हणून दक्षिणेकडचे उतार स्थिरावले, तरी उत्तरेकडचे स्थिरावले असे धरून चालता येत नाही.

गैरसमज : दिवसा थंडी वाजत असेल, तर बर्फ पक्का आहे.
वस्तुस्थिती : वसंतात पहिला प्रश्न आदल्या रात्रीचा असतो: बर्फ पुन्हा गोठला की नाही? आभाळ निरभ्र असेल, तर जमिनीतली उष्णता रात्री आकाशात निघून जाते. ढग असतील, तर ती अडून राहते. औरादमध्ये निरभ्र रात्रीनंतर पहाटे गारवा येतो आणि ढगाळ रात्री उकाडा सरत नाही, त्यामागचे कारण हेच. बर्फावरही हाच नियम लागू होतो. हवेचे तापमान शून्याच्या थोडे वर असले, तरी निरभ्र रात्री पृष्ठभाग गोठू शकतो. ढगाळ रात्री तो ओलाच राहतो आणि सकाळचे ऊन पडताच धोका सुरू होतो.

गोठण किती खोलवर झाली, हेही पाहावे लागते. वरचा पापुद्रा कडक आणि त्याखाली भिजलेला भुसभुशीत बर्फ अशी स्थिती असेल, तर तो पापुद्रा तास-दोन तासांत विरतो. बूट वरच्या वर टेकतो तोवर उतार वजन पेलतो आहे. पाऊल घोट्यापर्यंत रुतू लागले, तर परतण्याची वेळ झाली. पिंढरीपर्यंत रुतले, तर उशीर झाला आहे. उतारावरून आपोआप बर्फाचे गोळे गडगडू लागणे, हीसुद्धा ठळक खूण आहे. ऊन आधी पूर्वेकडच्या, मग दक्षिणेकडच्या आणि शेवटी पश्चिमेकडच्या उतारांवर येते, त्याच क्रमाने धोका सरकतो.

गैरसमज : पहाटे निघाले की काळजी नको.
वस्तुस्थिती : पहाटेचा नियम रात्री गोठलेल्या जुन्या बर्फापुरता आहे. ताजा बर्फ पडला असेल, तर घड्याळ पाहून धोका ओळखता येत नाही. 28 फेब्रुवारी 2025 रोजी सकाळी उत्तराखंडमधील माणा येथे सीमा रस्ते संघटनेच्या छावणीवर हिमस्खलन झाले, तेव्हा जोरदार बर्फवृष्टी सुरू होती. 54 कामगार अडकले, त्यांपैकी 46 वाचले आणि 8 जणांचा मृत्यू झाला. आणखी एका स्थितीतही वेळ पाहून उपयोग नसतो: जमिनीलगतच्या पाण्यावरून अख्खा थर हळूहळू सरकतो, तेव्हा उतारावर मोठ्या आडव्या भेगा दिसतात. तो बर्फ कधीही, अगदी रात्रीसुद्धा कोसळू शकतो. अशा भेगांखाली थांबू नये.

गैरसमज : पुढे कोणी गेले आहे, वाटही सपाट आहे, म्हणजे जागा सुरक्षित आहे.
वस्तुस्थिती : पहाटे उमटलेले ठसे दुपारच्या बर्फाविषयी काही सांगत नाहीत. थरांच्या स्वरूपातली बहुतेक हिमस्खलने 30 ते 45 अंशांच्या उतारावर सुटतात. पण पायाखालचा उतार सौम्य असला, तरी डोक्यावरचा उतार तीव्र असू शकतो, आणि तिथला बर्फ खालच्या वाटेवरच येतो. नाळ, ओढ्याचे पात्र आणि कड्याच्या धारेवरून पुढे झुकलेले बर्फाचे छज्जे यांखालून एकेकट्याने, न थांबता पार व्हावे.

गैरसमज : मोठ्याने ओरडल्याने हिमस्खलन होते.
वस्तुस्थिती : माणसाच्या आवाजातला दाब त्यासाठी फारच अपुरा असतो. उतारावर भटकणाऱ्यांच्या जीवघेण्या अपघातांपैकी सुमारे 90 टक्क्यांमध्ये बर्फ सुटण्याचे कारण बळी पडलेल्याचे किंवा त्याच्या सोबत्यांचे वजन असते. धोका दिसल्यास हाक मारून सर्वांना सावध करावे.

गैरसमज : बर्फाखाली माणूस बराच वेळ तग धरतो.
वस्तुस्थिती : 3 फेब्रुवारी 2016 रोजी सियाचिनमधील सोनम चौकीवर 19 मद्रास बटालियनचे 10 जवान गाडले गेले. त्यांत कर्नाटकाचे तीन आणि सातारा जिल्ह्यातील एक जवान होता. धारवाड जिल्ह्यातील लान्स नायक हणमंतप्पा कोप्पद सहा दिवसांनी जिवंत सापडले, पण 11 फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. ती घटना अपवादच होती. स्विस आकडेवारीवर आधारित 1994 च्या अभ्यासानुसार पूर्ण गाडलेल्यांपैकी पहिल्या 15 मिनिटांत बाहेर काढलेले 90 टक्क्यांहून अधिक लोक वाचले. 35 मिनिटांनंतर हे प्रमाण 30 टक्क्यांच्या आसपास आले. थांबलेला ओला बर्फ घट्ट दाबून बसतो आणि हात हलवणेही शक्य होत नाही. बाहेरून मदत येईपर्यंत ही मिनिटे सरतात, म्हणून ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव लावणारे संदेशयंत्र), प्रोब (बर्फात खुपसून पाहण्याची लांब सळई) आणि फावडे प्रत्येकाजवळ असावे लागते व ते वापरण्याचा सरावही लागतो.

निर्णयाचा क्रम साधा आहे. आधी चंदीगड येथील संरक्षण भूमाहिती संशोधन संस्थेचा हिमस्खलन इशारा आणि स्थानिक प्रशासनाची सूचना पाहावी. मग रात्रीचे आभाळ, ताजा बर्फ किंवा पाऊस, उताराची दिशा आणि डोक्यावरच्या उताराचा तीव्रपणा तपासावा. परतण्याची वेळ निघण्यापूर्वीच ठरवावी आणि बूट रुतू लागला, तर ती वेळ झाली नसली तरी मागे फिरावे.