पाठीवरच्या पंपाची बॅटरी

बॅटरीवर चालणाऱ्या फवारणी पंपात मोजून तीन मुख्य भाग असतात: १६ ते २० लिटरची प्लास्टिकची टाकी, तिच्या बुडाशी बसवलेली १२ व्होल्टची डायफ्रॅम मोटर आणि मोटरीशेजारची बॅटरी. ट्रिगर दाबला की नळीतला दाब उतरतो आणि प्रेशर स्विच मोटर चालू करतो. ट्रिगर सोडला की दाब पुन्हा भरतो आणि मोटर थांबते. यवतमाळ जिल्ह्यातल्या कपाशीच्या पट्ट्यात, राळेगाव, केळापूर, घाटंजी, आर्णी, मारेगाव या तालुक्यांत, मावा, तुडतुडे, फुलकिडे आणि पुढे बोंडअळी यांच्या मागे जुलै ते ऑक्टोबर हा पंप फिरत असतो. दांडा मारायच्या जुन्या हातपंपाने दिवसभरात खांदा भरून यायचा. मोटरीने तो त्रास वाचवला, पण पंपाचे आयुष्य बॅटरीशी बांधून टाकले. टाकी फुटली तर चिकटवता येते, नोजल नवे मिळते, डायफ्रॅम बदलता येतो. बॅटरी बसली की मात्र पंप कोपऱ्यात जातो.

मूळ बॅटरी बहुधा सीलबंद लेड-ॲसिड असते. दुकानात तिला ‘१२ बाय ८’ म्हणतात, म्हणजे १२ व्होल्ट, ८ अँपिअर-तास. दोन मोटरींच्या पंपात ‘१२ बाय १२’ येते. आत दोन-दोन व्होल्टचे सहा कप्पे एकापुढे एक जोडलेले असतात आणि वजन सव्वादोन-अडीच किलो भरते, त्यामुळे टाकी रिकामी असली तरी पाठीला ते जाणवते. चालू मोटर साधारण २ अँपिअर घेते आणि एक पंप, म्हणजे एक भरलेली टाकी, मारायला दहाएक मिनिटे लागतात. म्हणजे एका पंपाला अँपिअर-तासाचा तिसरा हिस्सा. एकराला बारा पंप धरले तर ४ अँपिअर-तास, म्हणजे अर्धी बॅटरी. लेड-ॲसिडला मानवणारा वापर एवढाच. दुसरा एकरही त्याच चार्जवर उरकला की ती तळाला जाते, आणि अशी वारंवार तळाला गेलेली बॅटरी फार हंगाम काढत नाही.

तरीही बहुतेक बॅटऱ्या कामाने मरत नाहीत, बसून मरतात. शेवटची फवारणी झाली की पंप खोलीत टाकला जातो तो मृगाच्या पेरण्या आटोपेपर्यंत, आणि टाकताना बॅटरी अर्धी-मुर्धी उतरलेली असते. उतरलेल्या लेड-ॲसिडच्या प्लेटवर शिसे सल्फेटचे स्फटिक धरतात. ते काही दिवसांचे असतील तर चार्जिंगने विरघळतात. सात-आठ महिन्यांत, त्यातही एप्रिल-मेच्या विदर्भी उन्हात, ते घट्ट होतात आणि मग विरघळत नाहीत. जुलैत चार्जर लावला की हिरवा दिवा तासाभरात लागतो आणि पंप दोन टाक्यांत थांबतो. बॅटरी भरलेली नसते, तिच्यात भरायला जागाच उरलेली नसते. महिन्यातून एकदा रात्रभर चार्ज केली असती तर यातल्या अनेक वाचल्या असत्या, पण उन्हाळ्यात फवारणी पंपाची आठवण कोणाला होते!

बसलेल्या बॅटरीच्या जागी जुन्या लिथियम सेलांचा संच बसवण्याची युक्ती इथे कामाला येते. बाद बॅटरीतले चांगले भाग काढून पुन्हा वापरायचे हे तिचे मूळ तत्त्व मोठ्या यंत्रांतही चालते. टोयोटा प्रियस या हायब्रिड मोटारीच्या दुसऱ्या पिढीतल्या बॅटरीत ७.२ व्होल्टचे २८ संच मिळून २०१.६ व्होल्ट होतात. त्यातला एखादा अशक्त झाला की सगळी बॅटरी ‘खराब’ ठरते, म्हणून परदेशात हौशी लोक भंगारातल्या मोटारींचे चांगले संच काढून तेवढीच अदलाबदल करतात. लॅपटॉपच्या टाकाऊ बॅटरीतही असेच घडते: सहा सेलांपैकी एक-दोन गेलेले, बाकीचे चालण्याजोगे. फरक धोक्याच्या जातीत आहे. २०० व्होल्टचा झटका जीव घेतो. १२ व्होल्टचा झटका बसत नाही, पण शॉर्ट झालेला लिथियम सेल पेटतो.

लॅपटॉपमधला गोल सेल १८६५० या मापाचा असतो, १८ मिलिमीटर व्यास आणि ६५ मिलिमीटर लांबी. भरलेला ४.२ व्होल्ट, सरासरी ३.७. असे तीन एकापुढे एक जोडले की ११.१ व्होल्ट होतात आणि १२ व्होल्टची मोटर त्यावर चालते. जुन्या सेलात १,८०० मिलीअँपिअर-तास शिल्लक असतील तर चार-चारचे तीन गट, म्हणजे बारा सेल, ७.२ अँपिअर-तास देतात. एका सेलाचे वजन ४५ ग्रॅमच्या आसपास, म्हणजे सगळा संच अर्ध्या किलोच्या थोडा वर. पाठीवरचे दीड-पावणेदोन किलो ओझे कमी होते आणि साठ्याचा बराच मोठा भाग निर्धास्त वापरता येतो.

खरी मेहनत जोडण्यात नाही, निवडण्यात आहे. दोन व्होल्टच्या खाली गेलेला सेल पुन्हा चार्ज होताना दिसला तरी घेऊ नये. त्याच्या आतले तांबे विरघळून पुढे शॉर्ट होण्याची भीती असते. उरलेले सेल पूर्ण भरून आठ-दहा दिवस नुसते ठेवायचे आणि पुन्हा व्होल्टेज बघायचे. ४.२ वरून ४.१ च्या खाली घसरलेला बाद. चार्ज होताना हाताला गरम लागणाराही बाद. मग प्रत्येक सेल ठरावीक करंटने उतरवून त्याची खरी क्षमता मोजायची आणि त्या सेलावरच पेनाने लिहायची. तिन्ही गटांची बेरीज जवळपास सारखी आली पाहिजे, कारण ओळीतला सर्वांत दुबळा गट आधी रिकामा होतो आणि त्याच्यावरच संच थांबतो. बाजारात नवे आवरण चढवलेले आणि ‘९९०० एमएएच’ छापलेले सेल मिळतात; या मापाच्या उत्तम सेलाचीही मजल ३,५०० च्या आसपास संपते, तेव्हा तो आकडा म्हणजे उघड थाप.

सेलाचे जवळून निरीक्षण केले तर एक गोष्ट लक्षात येते. संपूर्ण डबी ऋण असते. वरच्या टोकाला मधली टोपी तेवढी धन, आणि तिच्याभोवतीची कडा पुन्हा ऋण. मध्ये फक्त प्लास्टिकच्या आवरणाची घडी. जोडपट्टी जराशी सरकून ती घडी कापली गेली की तिथेच ठिणगी पडते. म्हणून प्रत्येक धन टोकावर कागदी इन्सुलेशनची चकती चिकटवतात. पट्टी निकेलची, ०.१५ मिलिमीटर जाडीची, आणि ती स्पॉट वेल्डिंगने जोडायची. सोल्डरिंगची सळई सेलावर फार वेळ टेकली तर आतले सील आणि पापुद्रे उष्णतेने बिघडतात. स्पॉट वेल्डर नसेल तर तो असलेल्या बॅटरी दुकानात सेल निवडून न्यावेत, हे जास्त शहाणपणाचे.

संचावर बीएमएस नावाची छोटी पाटी लागते. कोणताही गट ४.२ च्या वर भरला किंवा फार उतरला की ती जोडणी तोडते. ती गाळून पैसे वाचवणे हा या कामातला सर्वांत महाग मोह. जुना चार्जरही ठेवता येत नाही: लेड-ॲसिडचा चार्जर १४.४ व्होल्टपर्यंत जातो, म्हणजे तीन सेलांत प्रत्येकी ४.८. तीन सेलांना १२.६ व्होल्टचाच चार्जर हवा.

यापेक्षा बरा पर्याय म्हणजे लिथियम आयर्न फॉस्फेटचे सेल. ३.२ व्होल्टचे चार मिळून १२.८ होतात, पेट घेण्याची प्रवृत्ती कमी असते आणि व्होल्टेज शेवटपर्यंत जवळजवळ सपाट राहते. आधीचा तीन सेलांचा संच मात्र १२.६ वरून नऊ-दहापर्यंत उतरत जातो आणि त्याबरोबर मोटरीचा दाबही. दोन जातींचे सेल एका संचात कधीही मिसळू नयेत.

हा दाबाचा मुद्दा यवतमाळात केवळ तांत्रिक नाही. २०१७ च्या हंगामात फवारणी करताना विषबाधा होऊन जिल्ह्यात किमान २० शेतकरी-शेतमजूर दगावले आणि शेकडो लोकांना रुग्णालयात दाखल करावे लागले. त्या वर्षी कपाशी डोक्याबरोबर वाढलेली होती, औषधांची मिश्रणे जहाल होती आणि बारीक तुषार उडवणाऱ्या जोरदार पंपांचीही चर्चा झाली. दाब वाढला की थेंब बारीक होतात, वाऱ्यावर तरंगतात आणि मारणाऱ्याच्या नाकातोंडात जातात. दाब पडला की थेंब मोठे होऊन पानावरून ओघळतात. ‘मोटर जोरात चालावी’ म्हणून ३.७ व्होल्टचे तीनाऐवजी चार सेल लावणारे असतात. भरल्यावर ते १६.८ व्होल्ट होतात. मोटर जळते ती जळतेच, त्याआधी फवारा धुक्यासारखा होतो.

पंप उघडण्याआधी टाकीत साबणाचे पाणी भरून ते नोजलमधून काढावे आणि हातमोजे घालावेत. बुडाच्या कप्प्यात झिरपलेले औषध वाळून बसलेले असते, आणि प्रोफेनोफॉससारखी औषधे कातडीतूनही शरीरात जातात. झिरपणारी जागा आधी बुजवावी, संच उष्णतेने आवळणाऱ्या प्लास्टिकमध्ये गुंडाळावा आणि फोमने घट्ट बसवावा. घरी सेल जोडून केलेला संच रात्री निजल्यावर चार्जिंगला ठेवू नये, आणि भाव वाढण्याची वाट पाहत कापूस रचलेल्या खोलीत तर मुळीच नाही. हंगाम संपल्यावर तो निम्मा भरलेला ठेवावा. लिथियमला लेड-ॲसिडसारखा सल्फेटचा रोग नाही, पण पूर्ण भरून उन्हाळाभर ठेवणे त्यालाही सोसत नाही.

काढलेल्या लेड-ॲसिड बॅटरीला भंगारात वजनावर पैसे मिळतात, कारण तिच्यातले शिसे पुन्हा वापरले जाते; ती फोडून आम्ल बांधावर ओतायचे नसते. बाद लिथियम सेलांना गावात गिऱ्हाईक नसते, म्हणून ते उकिरड्यावर जातात. २०२२ च्या बॅटरी कचरा व्यवस्थापन नियमांनी दोन्ही जाती परत घेण्याची जबाबदारी उत्पादकावर टाकली आहे आणि वापरणाऱ्यानेही त्या इतर कचऱ्यापासून वेगळ्या ठेवून संकलन करणाऱ्याकडे द्यायच्या आहेत. तोवर बाद सेलांच्या टोकांना चिकटपट्टी लावून ते कोरड्या वाळूच्या डब्यात, घराबाहेर ठेवावेत.