इसार देण्याआधी घर आतून पाहा



घर पाहावं बांधून, असं आपण म्हणतो. पण बांधलेलं घर विकत घ्यायचं असेल तर? आमच्या गटातल्या एका ताईंनी चैत्रात पारोळ्यात जुनं धाब्याचं घर घेतलं. भिंतींना ताजा चुना होता. व्यवहार पुरुषमंडळींनी ओट्यावर बसूनच ठरवला. ताई आत गेल्या त्या इसार दिल्यावर. आषाढात धाबं गळलं, आणि खालचं लाकूड वाळवीनं पोखरलेलं निघालं. गटाचं कर्ज घर घेण्यातच संपलं होतं, दुरुस्तीला पैसा नव्हता.

1882 च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्यात एक गोष्ट आहे. विकणाऱ्याला माहीत असलेला, पण घेणाऱ्याला साधी काळजी घेऊनही दिसणार नाही असा मोठा दोष त्यानं सांगायलाच हवा. म्हणजे जो दोष पाहिल्यावर दिसतो, तो पाहणं आपलंच काम.

मग काय पाहायचं?

धाब्याच्या घरात लाकडाला काठीनं ठोकून पाहा. पोकळ आवाज आला, भुसा पडला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या, तर वाळवी समजा. मग वर चढा. गळू नये म्हणून वर्षानुवर्षं माती टाकली जाते आणि भार वाढत जातो. 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपात दगडमातीच्या भिंती आणि जाड मातीची छतं कोसळून कितीतरी माणसं झोपेतच गाडली गेली. म्हणून मातीचा थर किती जाड आहे, ते विचारा.

सिमेंटच्या घरात भेगा पाहा. काळी जमीन पावसात फुगते, उन्हाळ्यात आकसते, आणि कच्चा पाया हलतो. दार-खिडकीच्या कोपऱ्यातून निघालेली तिरपी भेग, किंवा जिच्यात रुपया सहज शिरतो अशी भेग, जाणत्या गवंड्याला किंवा इंजिनियरला दाखवाच. स्लॅबचे पोपडे पडून गंजलेले गज दिसतात का? फक्त खालच्या दोन-तीन फुटांनाच नवा रंग का दिला? तिथे हात लावून ओल पाहा. जमलं तर एक फेरी पाऊस पडून गेल्यावर मारा.

शोषखड्डा विहिरीला किंवा बोअरला खेटून नाही ना, पाणी रोज येतं का, वीजबिल कोणाच्या नावावर आहे, हेही विचारा. खरी माहिती शेजारच्या वहिनी देतात.

आता कागद. ग्रामपंचायतीचा आठ नंबरचा उतारा ही घरपट्टीची नोंद आहे, तेवढ्यावर मालकी सिद्ध होत नाही. नुसत्या स्टॅम्पवर लिहून घेतलं म्हणून घर आपलं होत नाही, खरेदीखत दुय्यम निबंधकाकडे नोंदवावंच लागतं. घर फक्त बाईच्या नावावर घेतलं, तर मुद्रांक शुल्कात एक टक्का सवलत आहे. 1 एप्रिल 2021 पासून ती सुरू झाली. घरात ती गोष्ट नक्की काढा.

आणि आपण घर विकत असू, तर गळती चुन्याखाली झाकू नका. दोष सांगा, साठेखतात लिहा, त्याप्रमाणे भाव ठरवा. पुढची भांडणं टळतात.

घर पाहायला एकटीनं जाऊ नका. गटातल्या चौघी जा, एकीनं वहीत लिहा. ज्या घरात आपला दिवस जाणार, त्याचा उंबरा आपण इसाराआधी ओलांडायला हवा.